लोखंडाचा भाव पडला म्हणून डोंगर वाचला असं समजू नका

(संपादकीय, मार्च २००९)

गेल्या दोन-तीन महिन्यांत जिथे जिथे बैठका झाल्या, तिथे एक प्रश्न हमखास आला. लोखंडाचा भाव पडला म्हणतात, मग आता खाण येणार नाही ना? कोणी रेडिओवर मंदीची बातमी ऐकली. कोणाचा पोरगा बाहेर कारखान्यात होता, तो काम सुटून घरी आला. दुसऱ्या बाजूने काही दलाल मंडळी गावात बसून सांगतात, "भाव पडलाय, आत्ता जे मिळतंय ते घ्या, उद्या तेवढंही मिळणार नाही." हेच लोक वर्षापूर्वी सांगत होते, "भाव चढलाय, आत्ताच द्या, पुन्हा अशी संधी नाही." म्हणजे भाव चढो की पडो, द्यायचं आपणच आणि तेही आत्ताच.

या सगळ्या बोलण्यात एक गोष्ट धरून चाललेली आहे. आपल्या डोंगराचं काय करायचं, ते चीनच्या बंदरातला भाव ठरवणार. ही गोष्ट आपल्याला मान्य आहे का? आधी भावाचा हिशेब नीट समजून घेऊ, मग या प्रश्नाकडे येऊ. हिशेब कळला नाही तर दलाल सांगेल तोच हिशेब.

भाव ठरतो कसा?

तांबं, अॅल्युमिनियम यांचा भाव रोज लंडनच्या बाजारात निघतो. लोखंडाच्या दगडाचं तसं नाही. ब्राझीलची वाले, आणि ऑस्ट्रेलियात खाणी असलेल्या रिओ टिंटो व बीएचपी बिलिटन, अशा तीन मोठ्या कंपन्या एका बाजूला बसतात. जपानचे, कोरियाचे आणि आता चीनचे पोलाद कारखानदार दुसऱ्या बाजूला. एप्रिल ते मार्च, वर्षभराचा भाव ते बोलून ठरवतात. एकाने ठरवला की बाकीचे बहुतेक तोच धरतात. याशिवाय रोखीचा बाजार आहे. जहाज भरलं, विकलं, मोकळं झालं. आपल्या देशातला माल चीनला जातो तो बराचसा या रोखीच्या बाजारात. देशात २००७-०८ साली सुमारे २१ कोटी टन लोहखनिज निघालं, त्यातलं १० कोटी टन बाहेर गेलं. त्यातलं बहुतेक सगळं चीनला.

गेली पाच-सहा वर्षं हा भाव फक्त वर जात होता. २००५ साली वर्षाचा करार एकदम ७१ टक्क्यांनी वाढला. २००८ साली पुन्हा ६५ टक्क्यांनी. कारण चीन. २००० साली चीन वर्षाला १३ कोटी टनांच्या आत पोलाद करायचा, २००८ साली ५० कोटी टनांवर गेला. एक टन पोलादाला साधारण दीड टन चांगला दगड लागतो. एवढा दगड एकदम कुठून आणायचा? म्हणून जगात जिथे जिथे लाल डोंगर आहे तिथे तिथे लोकांची नजर गेली. बेल्लारीत गेली, गोव्यात गेली, ओरिसात, झारखंडात गेली, आपल्याकडे आली. सुरजागडची लीज २००७ साली दिली गेली, ती या चढत्या भावाच्या काळातच. डोंगरात दगड आहे हे काही त्या वर्षी कळलं नाही. जमशेटजी टाटा सव्वाशे वर्षांपूर्वी चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या डोंगराचा विचार करत होते. वरोऱ्याचा कोळसा भट्टीला चालला नाही म्हणून ते सोडून पुढे गेले. दगड तोच होता, जागाही तीच होती. बदलला तो फक्त भाव.

मग पडला कसा?

२००८ च्या सुरुवातीला रोखीच्या बाजारात भारताचा चांगला चुरा चीनच्या बंदरात पोचता टनाला १९० डॉलरच्या आसपास होता. सप्टेंबरमध्ये अमेरिकेत मोठी बँक बुडाली, कर्जं थांबली, घरं-मोटारी विकल्या जाईनात, पोलादाला गिऱ्हाईक राहिलं नाही. नोव्हेंबरपर्यंत तोच चुरा ६० डॉलरच्या आसपास आला. आठ-नऊ महिन्यांत तीन हिश्शांतले दोन हिस्से गेले. वालेने वर्षाचं ३ कोटी टन उत्पादन कमी केलं. रिओ टिंटोने डिसेंबरमध्ये १४ हजार लोक कमी करायचं जाहीर केलं. मोठमोठ्या पगाराची, भाव सांगायचाच धंदा करणारी माणसं त्यांच्याकडे आहेत. जुलै-ऑगस्टपर्यंत त्यांच्यातल्या फार थोड्यांना हे दिसलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आपलं सरकारसुद्धा भावाबरोबर कसं हललं पाहा. भाव चढा होता तेव्हा, जून २००८ मध्ये, निर्यातीवर १५ टक्के कर बसवला. कारखानदार म्हणत होते की देशाचा दगड देशात राहू द्या. भाव पडला तसं खाणमालकांनी दिल्ली गाठली. डिसेंबरपर्यंत चुऱ्यावरचा कर पूर्ण काढून टाकला. सहा महिन्यांत निर्णय फिरला. आपल्या वनजमिनीचे दावे किती वर्षं पडून आहेत, ते प्रत्येकाने आपल्या घरी मोजावं.

आता पुढे काय?

यंदाच्या कराराची बोलणी चालू आहेत. चीनचे कारखानदार भाव ४० टक्क्यांहून जास्त खाली आणा म्हणतायत. खाणवाले एवढं कबूल करणार नाहीत, पण भाव उतरणार हे दोघांनाही माहीत आहे. म्हणजे हे वर्ष तरी मंदीचं.

त्याच्या पुढचं कसं असेल? दोन गोष्टी समोर ठेवा. पहिली, चीनच्या सरकारने ९ नोव्हेंबरला ४ लाख कोटी युआन खर्च करायचं जाहीर केलं. रेल्वे, रस्ते, पूल, घरं, सगळं लोखंडाचं काम. दुसरी, आपल्या देशाचं २००५ चं पोलाद धोरण. देशात आज साडेपाच कोटी टनांच्या आसपास पोलाद होतं, ते २०१९-२० पर्यंत ११ कोटी टन करायचं असं त्यात लिहिलंय. हे धोरण मंदीमुळे कोणी फाडून टाकलेलं नाही. म्हणजे चीनने घेतलं नाही तरी इथल्याच कारखान्यांना दगड लागणार आहे.

तेव्हा आमचं मत असं. भाव पुन्हा चढेल. दोन वर्षांत की पाच वर्षांत, ते सांगता येणार नाही. चढल्यावर पुन्हा पडेल, हेही तितकंच खरं. ज्यांचा तो धंदाच आहे त्यांना सहा महिन्यांपुढचं दिसलं नाही, तर दलालाला काय दिसणार? पण आपल्याला नेमका महिना कळायची गरजही नाही. मंदीमुळे लीज रद्द झालेली नाही, हे कळलं की पुरे. कायद्याने खाणीची लीज कमीत कमी २० आणि जास्तीत जास्त ३० वर्षांची, वरून नूतनीकरण. तीस वर्षांत भाव कितीदा चढेल, कितीदा पडेल! कागद तिजोरीत ठेवून कंपनी वाट पाहू शकते. तिला घाई नाही. तिचं बियाणं सडत नाही.

चढत्या भावात आपला वाटा किती?

काही तरुण म्हणतात, भाव चढला तर आपल्यालाही फायदा नाही का? प्रश्न बरोबर आहे. उत्तर आकड्यात आहे.

लोहखनिजावर सरकारला रॉयल्टी मिळते. आज लागू असलेल्या दरात सगळ्यात उंच प्रतीच्या दगडालाही टनाला २७ रुपये रॉयल्टी आहे. हलक्या प्रतीला त्याहून कमी. हा दर भावाला बांधलेला नाही. गेल्या वर्षी चीनच्या बंदरात १९० डॉलर म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने साडेसात हजार रुपयांवर भाव होता. तेव्हाही २७ रुपये. भाव पडून तीन हजारांवर आला, तरी २७ रुपये. साडेसात हजारांवर २७ म्हणजे शंभर रुपयांमागे छत्तीस पैसे. जहाजभाडं, रेल्वेभाडं, काढायचा खर्च सगळा वजा करा. तरी मधले हजारो रुपये कोणाच्या खिशात गेले ते बेल्लारीत जाऊन बघावं. कर्नाटकच्या लोकायुक्तांनी डिसेंबरमध्ये अहवाल दिलाय, सगळ्या देशाने तो वाचला पाहिजे.

बरं, हे २७ रुपयेही जातात राज्य सरकारकडे. ज्या गावचा डोंगर, त्या गावच्या नावाने त्यातला कायद्याने बांधलेला वाटा नाही. रॉयल्टी टक्क्यावर आणायची चर्चा दिल्लीत चालू आहे. आणोत. सरकारची तिजोरी भरेल. गावाचा वाटा त्यातून आपोआप येत नाही. सुप्रीम कोर्टाने १९९७ साली आंध्रातल्या समता खटल्यात सांगितलं होतं की, अनुसूचित क्षेत्रातली सरकारी जमीनसुद्धा खाजगी कंपनीला खाणीसाठी देता येणार नाही, आणि खाणकाम होईल तिथे नफ्याचा किमान २० टक्के हिस्सा तिथल्या लोकांच्या विकासासाठी वेगळा ठेवावा. बारा वर्षं झाली. हे वाक्य आपल्याकडच्या कुठल्या साहेबाच्या तोंडून कोणी ऐकलंय का?

म्हणजे चढत्या भावात आपला वाटा नाही. पडत्या भावात मात्र आहे, आणि मोठा आहे. गोव्याकडे बघा. सत्तरी, डिचोली, सांगे, केपे या तालुक्यांत चीनच्या भावाने एवढी खोदाई वाढली की, जो हलका माल पूर्वी ढिगावर फेकून द्यायचे तोही जहाजात गेला. गावातल्या लोकांनी शेती सोडून कर्जावर ट्रक घेतले. भाव चढा असताना हप्ता निघतो. भाव पडला की खाणमालक आधी माल उचलणं कमी करतो, आणि उभा राहतो तो कर्जवाल्याचा ट्रक. बँकेचा हप्ता उभा राहत नाही. शेतात परत जावं तर शेतात खाणीची लाल माती, विहिरीचं पाणी खाली गेलेलं. गोव्याचे लोक शिकलेले, त्यांच्याकडे वर्तमानपत्रं, वकील, आमदार सगळं आहे. त्यांची ही गत. आपली काय होईल?

आणि आपल्या शेजारी छत्तीसगडात बघा. बैलाडिल्याच्या डोंगरातून १९६८ पासून दगड जातोय, खास रेल्वे बांधून विशाखापट्टणमला, तिथून जपानला. शंखिनी नदी लाल झाली. हाताने दगड फोडणाऱ्या कंत्राटी मजुरांची कपात आली तेव्हा मजूर उठले. एप्रिल १९७८ मध्ये किरंदुलला गोळीबार झाला, माणसं मेली. त्याच्या आदल्या वर्षी, जून १९७७ मध्ये, दल्ली-राजहराला गोळीबारात ११ जण गेले होते. तिथे शंकर गुहा नियोगींच्या संघटनेने अनेक वर्षं एकच गोष्ट लावून धरली. सगळं काम मशीनला देऊ नका, माणसाच्या हाताला काम ठेवा. आजच्या खाणी मशीनच्याच आहेत. डंपर, पोकलेन, ड्रिल. ती चालवायला बाहेरून शिकलेला माणूस येतो. आपल्या पोराच्या वाट्याला येते चौकीदारी, नाहीतर झेंडी दाखवायचं काम. तेही भाव चढा आहे तोवर.

नोकरीची गरज खोटी आहे असं आम्ही म्हणत नाही. दहावी-बारावी झालेली पोरं गावात बसून आहेत, हे रोज दिसतं. पोरगा विचारतो, "खाण नको तर मग काय?" या प्रश्नाला संघटनेने नुसत्या घोषणेने उत्तर देऊ नये. उत्तर जंगलातच शोधावं लागेल, आणि ते आहे.

तेंदूचं उदाहरण घ्या. त्याचाही भाव पडतो, चढतो. ठेकेदार कधी माल नाकारतो, कधी फळीवर पुडे मोजताना कापतो. तेंदूच्या भावासाठी आपण भांडलो, संप केले. पण भाव पडला म्हणून तेंदूचं झाड गेलं का? पुढच्या चैत्रात पान पुन्हा येतं. मोहाचं तेच, बांबूचं तेच, चारोळीचं तेच. पडत्या भावाचं वर्ष आपण मोहावर, कोदो-कुटकीवर, नदीच्या माशावर काढतो. डोंगराच्या दगडाचं असं वर्ष नसतं. साठ डॉलरला विकलेला डोंगर पुढे दोनशे डॉलर झाले तरी परत भरता येत नाही. दोनशेला विकला तरी गावाच्या नावाने कायद्याचा वाटा नाही. हा फरक पोरांना नीट समजावून सांगा.

आज बांबू-तेंदूत कमाई कमी आहे, कारण मालकी वनखात्याची आणि नफा ठेकेदाराचा. ती मालकी गावाकडे आली तर कमाई बदलते. ती आणायचा रस्ता आता कायद्यात आहे.

मंदी म्हणजे आपल्याला मिळालेली मुदत

२००६ चा वनहक्क कायदा आणि १ जानेवारी २००८ चे नियम यांच्यावर या पत्रकात मागे लिहिलंय. पण बहुतेक गावांत फक्त वैयक्तिक दावे भरले गेले. माझी तीन एकर, तुझी दोन एकर. ते भरलेच पाहिजेत. सामूहिक दावा मात्र राहून गेलाय. ज्या जंगलातून आपण पिढ्यान्‌पिढ्या मोह, तेंदू, बांबू, मध, औषधं आणतो, जिथे गुरं चारतो, जिथे आपले देव आहेत, त्या सगळ्या जंगलावर गावाचा हक्क मागता येतो. ते राखायचा, सांभाळायचा हक्कही मागता येतो. माडिया ही सरकारच्या यादीत आदिम जमात आहे. अशा जमातींना आपल्या वस्तीक्षेत्राचा हक्क मागायची वेगळी तरतूद या कायद्यात आहे. दाव्यांची तपासणी आणि मान्यता पूर्ण होईपर्यंत वनजमिनीवरून कोणाला हटवता येत नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिलंय. कलम ४, पोटकलम ५. पाठ करून ठेवा.

भाव चढा असता तर हे करायला सवड मिळाली नसती. एका बाजूला दलाल, दुसऱ्या बाजूला बंदोबस्त, मध्ये आपण. आज तो रेटा थोडा सैल आहे. हा सैलपणा फार दिवस टिकणार नाही. म्हणून तेंदूची फळी सुरू व्हायच्या आत प्रत्येक गावाने ही कामं उरकावी:

१. वनहक्क समिती नावालाच असेल तर पुन्हा बसवा. १० ते १५ जण, त्यात एक तृतीयांश तरी बाया. ग्रामसभेला दोन तृतीयांश माणसं हजर पाहिजेत, नाहीतर साहेब ठराव परत पाठवतो.

२. ग्रामपंचायतीच्या गावाला जाऊन सही करून येऊ नका. पेसा कायद्याने टोल्याचीही ग्रामसभा होते. आपली ग्रामसभा आपल्या टोल्यात घ्या.

३. गावच्या जंगलाच्या शिवा म्हाताऱ्या माणसांना घेऊन फिरा आणि लिहून काढा. कुठल्या नाल्यापासून कुठल्या डोंगरापर्यंत, कुठे देव, कुठे मसणवटी, कुठे पाणी. शेजारच्या गावाला बरोबर घ्या, म्हणजे पुढे भांडण नाही. म्हाताऱ्यांचा जबाब हा कायद्याने पुरावा आहे. निस्तारपत्रक तहसीलमधून मागून घ्या.

४. डोंगरावर लीज दिली असेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. लीजचा करार कोणत्या तारखेला झाला? काम कधी सुरू झालं? खाण कायद्याच्या कलम ४-अ प्रमाणे करारापासून दोन वर्षं खाणकाम झालं नाही तर लीज संपते, सरकारने मुदत वाढवून दिली नाही तर. २००७ च्या लीजला यंदा दोन वर्षं भरतात. मुदतवाढ मागितली का, कोणी दिली, गावाला विचारलं का, हे सगळं लेखी मागा. मंदीच्या नावाखाली ही मुदतवाढ गुपचूप होऊ देऊ नका.

५. सातबारा असलेली जमीन कोणी गोड बोलून मागत असेल, तर लक्षात ठेवा, आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला जात नाही. इसार घेऊ नका, कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. अंगठा दिला असेल तर लाजू नका, संघटनेला सांगा.

१६ एप्रिलला मतदान आहे. गाड्या येतील, पुढारी येतील. रस्ता देतो, वीज देतो, कारखाना आणतो म्हणतील. त्यांना भावाचं विचारू नका, तो त्यांच्या हातात नाही. त्यांना विचारा की, आमच्या गावाचा सामूहिक दावा मंजूर करणार का, आणि आमच्या ग्रामसभेने डोंगर नाही म्हटलं तर तुम्ही कोणाच्या बाजूने उभे राहणार? उत्तर सगळ्यांसमोर घ्या, वहीत लिहा, तारीख टाका.

ज्या गावांचे दावे तयार होतील त्यांनी दोन प्रती करून एक उपविभागीय समितीकडे द्यावी, पोच घ्यावी, आणि दुसरी प्रत गावात ठेवावी. मिरगाचा पाऊस लागला की नाले भरतात, मग दिवाळीपर्यंत तालुक्याला जाणं होत नाही. तेवढ्या वेळात करारही होतील, भावही हलेल. त्याआधी आपला कागद तिथे पोचलेला असला पाहिजे.

जिंदाबाद!